एकट्या दादरची राखण

जळगावात जानेवारी लागला की भरीत-पार्ट्यांची आमंत्रणं येतात आणि माझा घसा आपोआप बसतो. सर्दी नसते, पडसं नसतं. कोणाच्या तरी मळ्यात काड्यांवर वांगी भाजली जात असतात, कांद्याची पात चिरून ठेवलेली असते, कोणीतरी माझ्या हातात ताट देतं आणि तेवढ्यात डोक्यावरून एखादा थवा कलकलाट करत जातो. सगळे माना वर करून म्हणतात, "वा, काय सुंदर!" माझ्या तोंडून मात्र "हाऽऽऽ हो!" निघायच्या बेतात असतं. ते मी मोठ्या कष्टाने गिळते. कॉलेजच्या ग्रंथालयात 'शांतता राखा' या पाटीखाली अर्धं आयुष्य काढलेल्या बाईला असं ओरडणं शोभत नाही.

पण त्या एका हिवाळ्यात मी ओरडले. सकाळी ओरडले, दुपारी ओरडले, सूर्य कलल्यावर ओरडले. आणि ज्यांच्यावर ओरडायचं ते नेमके कोण, हे कळायला मला जवळजवळ अख्खा हंगाम लागला.

दादर म्हणजे आमच्याकडची रब्बीची ज्वारी. पावसाळा सरताना काळ्या जमिनीत पेरायची, जमिनीतल्या ओलीवर आणि थंडीवर ती वाढते. तिच्या भाकरीला जी गोडी असते ती ज्याने खाल्ली त्यालाच ठाऊक. चाळीसगाव तालुक्यातल्या आमच्या गावात एके काळी सगळ्यांच्या वावरात दादर असायची. आता मका आहे, कपाशी आहे, लिंबाच्या बागा आहेत. दादर सुटली ती पाखरांमुळे. एकाने पेरणं सोडलं की त्याच्या वाट्याची पाखरं शेजाऱ्याकडे जातात, मग शेजारीही सोडतो. असं करत करत शेवटी गावात एकटी माझी आई उरली.

आईचं बियाणं घरचं होतं. तिच्या सासूकडून आलेलं, मडक्यात राख आणि कडुनिंबाचा पाला घालून ठेवलेलं. बाजारात तसलं मिळत नाही, मी विचारून पाहिलंय. त्याआधीच्या वर्षी गुडघ्याच्या ऑपरेशनमुळे पेरणी हुकली होती आणि जुनं बियाणं फार काळ जीव धरत नाही. म्हणून त्या वर्षी आईने मडकं पालथं केलं. होतं नव्हतं ते सगळं पेरलं, मागे मूठभरही ठेवलं नाही. "ठेईसन काय करू? पुढला साल उगाव नही ते," असं म्हणाली. म्हणजे ही दादर गेली की आमच्या घरातून ती कायमचीच गेली. आणि नेमकी कणसं बाहेर पडायच्या सुमाराला आईच्या दुसऱ्या गुडघ्याने संप पुकारला. भाऊ पुण्याला. तो व्हिडिओ कॉलवरून ड्रोनबद्दल बोलला. मी साठवलेली रजा काढली आणि एसटीत बसले.

शेजारच्या वावरातले नाना, वडिलांच्या वयाचे, मला बांधावर बघून मनापासून हसले. त्यांचा मका होता. "ताई, बठ्ठा गावना पाखरं तुमनाच वावरमा जेवाले येतीन," ते म्हणाले. "आमंत्रण देवानं कामच नही!"

ते म्हणाले तसंच झालं, गावभरची पाखरं आमच्याच वावरात उतरली. संध्याकाळी घरी आले की आई खाटेवरून पहिला प्रश्न टाकायची. ती अहिराणीत विचारते, मी मराठीत उत्तर देते, आमच्या घरात असंच चालतं.

"आज कोन उनं व्हतं?"

"पक्षी."

"पक्षी ते येतसच. कोन?"

"लहान होते. तपकिरी."

"चिडी व्हत्यात का सुगरनी?"

"आई, सगळ्या सारख्याच दिसतात!"

"तुले पुस्तकं तरी येगयेगळा दिसतस का?"

हे मला झोंबलं. ग्रंथालयात डोळे मिटून हात घातला तरी मी हवं ते पुस्तक काढू शकते. प्रत्येकाच्या पाठीवर क्रमांक, प्रत्येकाची जागा ठरलेली. पाखरांच्या पाठीवर कोणी क्रमांक टाकलेला नाही आणि ती जागेवर बसत नाहीत. त्यात आईचं विचारणं फुकाचं नव्हतं. चिमण्या टाळी वाजवली तरी उडतात आणि तुमची पाठ फिरली की परत येतात, त्यांच्यासाठी सतत फिरतं राहावं लागतं. पोपट बसायच्या आधीच गोफणीने वळवावा लागतो, एकदा बसला की तो खातो थोडं आणि कणीस अर्धवट कुरतडून खाली टाकतो जास्त. भोरड्यांचा तर थवाच उतरतो. कोण आलं हे कळल्याशिवाय काय करायचं ते ठरत नाही. मी सगळ्यांसाठी एकच उपाय करत होते, तो म्हणजे किंचाळणं.

मग मी अभ्यासाला लागले. आमच्या ग्रंथालयातून पक्ष्यांचं सचित्र पुस्तक मागवलं, माळ्यावर बसून वाचायला सुरुवात केली. माळा म्हणजे चार खांबांवर बांधलेली फळ्यांची बैठक, तिथून सगळं वावर दिसतं. पुस्तकात सुगरण पक्ष्याचा नर पिवळाधमक, छातीवर हळद माखल्यासारखा. मी पिवळा शोधत बसले. एकही पिवळा नाही. समोर कणसांना लोंबकळून चिमणीसारखे मळकट जीव दाणे टिपताहेत आणि मी त्यांना चिमण्या समजून टाळ्या वाजवतेय. चार दिवसांनी त्याच पुस्तकात, बारीक अक्षरात, खाली वाचलं: थंडीत नराचा पिवळा रंग उतरतो आणि तो मादीसारखा दिसतो. हे वर मोठ्या अक्षरात छापायला काय झालं होतं? ज्या ऋतूत सुगरण शेतकऱ्याच्या दाण्यावर येते त्या ऋतूतलं चित्र द्यायचं नाही आणि ती नटूनथटून लग्नाला उभी राहते तेव्हाचं द्यायचं, याला काय म्हणावं!

आईचंही काही खरं नव्हतं. कणसावर ओळीने बसणाऱ्या, जाड चोचीच्या, अगदी चिमुकल्या पाखरांना ती ठामपणे 'चिडीना पिल्ला' म्हणायची. मी पुस्तक तिच्यापुढे धरलं, की बाई, या मुनिया आहेत, चिमणीची पिल्लं नव्हेत. तिने चष्मा लावून चित्र नीट पाहिलं. "बरं, मुन्या ते मुन्या," ती म्हणाली, "नाव बदलं म्हनीसन दाना कमी खातस का त्या?" नाना त्याच पाखरांना तिसरंच काहीतरी म्हणायचे, आणि दुसऱ्या दिवशी चौथं.

डोळ्यांनी जमेना म्हणून कानांकडे वळले. भाच्याने फोनमध्ये एक ॲप टाकून दिलं होतं. आवाज ऐकवला की ते पक्ष्याचं नाव सांगतं. मी फोन उंच धरून उभी राहायचे. फोन समोर आला की पाखरं गप्प. फोन खिशात गेला की गोंधळ सुरू. एकदा हट्टाने धरून ठेवला, तेव्हा त्याने नानांच्या विहिरीवरच्या मोटरीच्या घरघरीत एक पक्षी शोधून काढला. एकदा मीच जीव खाऊन "हाऽऽ" केलं, तर त्याने मला घुबड ठरवलं. कोणतं घुबड तेही सांगितलं. संध्याकाळी हे आईला सांगायला नको होतं. तिने ते दवाखान्यातल्या नर्सपर्यंत पोचवलं.

आवाज शिकणं म्हणजे काय हे ज्याने केलं नाही त्याला कळणार नाही. शिक्रा हा छोटा ससाणा. त्याची 'टिटू टिटू' ओरड ऐकली की सगळी लहान पाखरं कणसं सोडून बोरीच्या झाडात घुसतात हे माझ्या लक्षात आलं. मला केवढा आनंद झाला! एक आवाज पक्का झाला, आणि तोही माझ्या बाजूचा. दोन दिवसांनी तीच ओरड आली, मी कौतुकाने वर पाहिलं, तर तारेवर एक काळा, दुभंगलेल्या शेपटीचा कोतवाल बसून शिक्र्याची हुबेहूब नक्कल करत होता. पाखरं पळाली की तो खाली झेपावून त्यांच्या गडबडीत उडालेले किडे खात होता. मी कपाळावर हात मारून घेतला. कसाबसा एक आवाज पाठ करावा आणि दुसऱ्याने तो चोरून वापरावा! मी त्या कोतवालावरही दगड भिरकावला. बांधावरून नाना ओरडले, "त्याले काबर हाकली राहिनी ताई? तो अळ्या खास!"

इथे माझ्या खऱ्या मूर्खपणाची गोष्ट सांगायला हवी. आमच्या वावरात अर्ध्यात दादर होती आणि अर्ध्यात हरभरा. हरभऱ्यावर घाटेअळी पडते आणि ती कोतवाल, साळुंकी, वेडा राघू ही मंडळी खातात. म्हणून कृषी सहायक सांगून गेले होते, की हरभऱ्यात पक्षीथांबे लावा. थांबा म्हणजे उभ्या काठीला आडवी काठी बांधायची, पाखराने येऊन बसावं म्हणून. म्हणजे एकाच वावरात डाव्या हाताला 'या, बसा' आणि उजव्या हाताला 'चालते व्हा'. अशा घरी पाहुण्याने तरी काय समजायचं? मी मात्र आज्ञाधारकपणे थांबे लावले, आणि ते हरभऱ्याच्या मधोमध न लावता दोन्ही पिकांच्या मधल्या सरीवर लावले. का, तर तिथे चालायला सोपं. पहिल्याच सकाळी पोपट येऊन त्या थांब्यांवर ओळीने बसले. तिथून मान लांबवली की दादरचं कणीस चोचीत येत होतं. पंगतीला पाट मांडून द्यावेत तशी मी सोय केली होती. नानांना इतकं हसू आलं की ते बांधावर खालीच बसले.

थांबे उपटून हरभऱ्यात नेले. पण अंगातली रग जाईना. मला पाखरांचा राग होता, पुस्तकाचा होता, ड्रोन सांगणाऱ्या भावाचा होता. आईचाही होता. बाजारात पोत्याने ज्वारी मिळते, ती आण आणि भाकरी खा, कोणी धरलंय? हे मी तिला बोलूनही दाखवलं. ती नुसती विचारत राहिली, कणसात चीक भरला का, दाणा दाबल्यावर कसा लागतो. रिकामं मडकं तिच्या खाटेखाली होतं आणि तिचा हात अधूनमधून त्याच्या काठावर जायचा. ते बघितलं की माझा राग अर्ध्यावर अडकायचा आणि त्यामुळे मी आणखी चिडायचे.

मग भोरड्यांचा दिवस आला. सकाळी हरभऱ्यातल्या थांब्यांवर काही मळकट तपकिरी पाखरं बसलेली दिसली. मी पुस्तक उघडलं, आकार पाहिला, चोच पाहिली, चाल पाहिली आणि ठरवलं, साळुंक्या. अळ्या खाणाऱ्या, आपल्या बाजूच्या. बसू दिलं. चांगल्या पाहुण्याकडे बघावं तसं त्यांच्याकडे बघून डबा सोडला आणि भाकरी खाल्ली. भोरडी गुलाबी असते, डोकं आणि पंख काळे, हे मला पाठ होतं. तिची त्या वर्षीची पिल्लं मळकट असतात हे मला ठाऊक नव्हतं. दुपारी आकाशातून काहीतरी सरकल्यासारखं झालं आणि अख्खा थवा पूर्वेच्या कोपऱ्यावर उतरला. दादर दिसेनाशी झाली. मी पत्र्याचा डबा वाजवला, गोफण फिरवली, धावले. थवा उठायचा, एक गिरकी मारायचा आणि माझ्या मागच्या बाजूला बसायचा. ती गिरकी लोक मोबाईलवर काढून एकमेकांना पाठवतात, आणि खरंच देखणी असते, हे मला तेव्हाही दिसत होतं. दिसत होतं म्हणून जास्त रडू आलं. मी सरीत बसून मोठमोठ्याने रडले. नाना आले, त्यांनी स्वतःचा भोंगा आणून वाजवला. थवा गेला तेव्हा पूर्वेकडची कणसं नुसत्या काड्या होऊन उभी होती. सगळ्यात टपोरी कणसं तिकडचीच होती.

त्या संध्याकाळी आईने विचारायच्या आधीच मी सांगितलं, "भोरड्या होत्या. मी ओळखल्या नाहीत."

तिचा हात मडक्याच्या काठावर गेला. मग म्हणाली, "वयखू येवाना आगे कानवर ध्यान ठेव. त्या येवाना पहिले बोलतस."

डोळ्यांच्या आधी कान. दुसऱ्या दिवसापासून मी पुस्तक घरी ठेवलं. माळ्यावर डोळे मिटून बसायला लागले. सुरुवातीला सगळी नुसतीच चिवचिव. मग हळूहळू तिचे पदर सुटायला लागले. मुनियांचं बारीक किणकिणणं, पोपटाची उडता उडता फाटकी किंकाळी, होल्याचं पोटातून घुमणं, वेड्या राघूचं टिरटिरणं. आणि एका सकाळी फार लांबून, लग्नाच्या मांडवातली कलकल दुसऱ्या गल्लीत ऐकू यावी तशी कलकल आली. काही दिसत नव्हतं. मी तरी उठले, डबा घेतला आणि सगळ्या ताकदीने ओरडले. थवा नंतर दिसला. तो आमच्या वावरावर येता येता नदीकडे वळला. मला जिंकल्याचा आनंद व्हायला हवा होता. पण माझ्या मनात आलं, हे पूर्वेचा कोपरा जायच्या आधी का नाही आलं?

हल्लीच आमच्या कॉलेजात पक्ष्यांच्या छायाचित्रांचं प्रदर्शन होतं. तिथे मला 'पक्षीप्रेमी' म्हणून दोन शब्द बोलायला लावलं. मी पक्षीप्रेमी नाही हे मी आयोजकांना समजावून दमले. रोज चहाच्या वेळेला टपकणारा शेजारी पावलांच्या आवाजावरून ओळखू येतो, म्हणून काही त्याच्यावर आपलं प्रेम असत नाही. पण मग फोटोतल्या एका भोरडीपुढे मी हातातला चहा निवेपर्यंत उभी राहिले.

त्या हंगामात कापणीच्या दिवशी आई ॲपेरिक्षातून वावरात आली. तिच्यासाठी खुर्ची नेली होती. उरलेल्या कणसांतलं एकेक तिच्या हातात दिलं, तिने फिरवून पाहिलं, दाणा नखाने दाबला, पसंत पडलं ते बाजूला काढलं. चांगली कणसं पाखरांनी नेली होती तरी बियाण्यापुरती निघाली. मला हायसं वाटलं. माझी रजा संपत आली होती, घशातून आवाज नव्हे तर वारा येत होता, पण दादर वाचली होती. आता मडकं भरायचं, राख घालायची, तोंड बांधायचं.

मळणी झाली आणि आईने तीन जणांना निरोप धाडला. शेजारच्या गल्लीतल्या सुमनकाकू, खालच्या वावरातल्या इंदूवहिनी आणि नाना. मी चहा घेऊन बाहेर आले तर आई सुपातलं बियाणं सुमनकाकूंच्या पदरात ओतत होती. इंदूवहिनी पदर पसरून रांगेत. नाना खांद्यावरचा रुमाल झटकत होते.

"आई, हे काय करतेस?" माझा आवाज फाटला. "मी घसा फोडून राखलंय ते!"

"म्हनीसनच देस."

"या पेरणार आहेत का? भाकरी करून खातील!"

तिघांनी माझ्याकडे पाहिलं. आई शांतपणे सूप हलवत होती. "एकली व्हती, म्हनीसन बठ्ठा पाखरं तिनावरच पडनात. चार जागे पेरी ते वाटाई जाई. आनि एकनी गयी ते दुसरापान ऱ्हाई."

मडक्याच्या तळाला थोडं उरलं होतं, तेवढंच आमचं. मी धुसफुसत बॅग भरली आणि जळगाव येईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिले. प्रत्येक वावरात मका होता.

ती तिघंही पेरणार नाहीत, याबद्दल मी पैज लावायला तयार होते. तिघांनीही पेरली. नानांनी तर मक्याच्या कडेने एक पट्टा काढला, 'अक्काना तोंडसाठे', असं म्हणून. अक्का म्हणजे माझी आई, तिच्या भिडेखातर. आमच्याच वावरात यंदा दादर नाही. आईला चालवत नाही, मला रजा नाही. वावर बटाईने दिलंय, त्यात मका उभा आहे आणि मडक्यातलं बियाणं पुन्हा म्हातारं होतंय.

यंदाच्या संक्रांतीला दोन दिवसांसाठी गावी गेले. पोचताच इंदूवहिनींनी वाटेतच गाठलं. "ताई, तुमनी मायनी बियानं दिधं का भांडन दिधं?" झालं होतं असं, की सुमनकाकू ओरडल्या की पाखरं इंदूवहिनींकडे, इंदूवहिनींनी पत्रा वाजवला की नानांकडे, नानांनी भोंगा लावला की परत काकूंकडे. तिघं एकमेकांशी बोलेनाशी झाली होती. मुद्दाम पाखरं माझ्याकडे हाकलतात, असा प्रत्येकाचा दुसऱ्यावर आरोप होता. मी ते सगळं आईपुढे मांडलं. मला वाटलं, तिला वाईट वाटेल. ती उन्हात खाट टाकून तिळगुळाचे तीळ निवडत होती.

आमचं घर गावाच्या कडेला आहे, मागचं दार उघडलं की वावरंच. तिकडून लांबवर "हाऽऽ हो" ऐकू आलं.

"हाई सुमन," आई म्हणाली. मग पत्र्याचा ठणठणाट. "हाई इंदू." तिने मान तिरकी केली. "नानानाकडे कोनी बोलत नही."

"नाना बाजाराला गेलेत चाळीसगावला."

"मंग तठे कोन शे?"

"कोणी नाही. असू दे ना आई, दोन दिवसांसाठी आलेय मी."

तेवढ्यात मला ती कलकल ऐकू आली. फार लांबून, नदीच्या अंगाने. दिसत काहीच नव्हतं. आईला ती ऐकू आली की नाही ठाऊक नाही, ती माझ्या तोंडाकडे बघत होती.

"भोरड्या?" तिने विचारलं.

"हो."

"जाय ना मंग."

"आई, ते आपलं वावर नाहीये!"

"बियानं ते आपलं शे ना!"

मी उठले. पायात घरातल्या सपाता, अंगावर संक्रांतीची नवी साडी. बांधावरून धडपडत नानांच्या पट्ट्यापाशी पोचले तेव्हा थवा डोक्यावर आलाच होता. मी छाती भरून ओरडले, "हाऽऽऽ हो!" थवा एका क्षणात वळला, उन्हात एकदा गुलाबी झाला आणि सरळ सुमनकाकूंच्या दादरवर उतरला. तिकडून काकूंनी माझं नाव घेऊन माझ्या सात पिढ्यांचा उद्धार केला. मी सपाता हातात घेतल्या, निऱ्या खोचल्या आणि त्यांच्या वावराकडे पळत सुटले.